वऱ्हाडाचा ट्रक आणि भरपाईचा कागद

लग्नसराई जवळ आली की आपल्या वाडी-वस्तीवर पहिला प्रश्न असतो तो गाडीचा. मांडव, भांडी, आचारी यांचे जमून जाते. पण सत्तर-ऐंशी माणसे घाट उतरून न्यायची कशी? मग कुणीतरी म्हणतो, "आपल्या ओळखीतला ट्रक आहे, डिझेल टाका, झालं." बायका-पोरे हौद्यात चढतात, म्हातारी माणसे केबिनमध्ये बसतात, आणि वऱ्हाड निघते.

पोलादपूर तालुक्यातील कुडपण गाव तुम्हांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या शिवा जिथे मिळतात, त्या डोंगरावरचे हे गाव. सोयरीक तिन्ही जिल्ह्यांत, त्यामुळे लग्नाचा प्रवास म्हणजे घाटाचाच प्रवास. जानेवारी २०२१ मध्ये याच कुडपणच्या घाटात लग्नाहून परतणाऱ्या वऱ्हाडाचा ट्रक दरीत कोसळला. माणसे दगावली, पन्नासहून अधिक जखमी झाली. अंधारात दोर लावून, झोळ्या करून गावकऱ्यांनी आणि बचाव पथकांनी माणसे वर काढली.

त्या एका अपघाताचे दावे हा आजचा विषय नाही. विषय आहे तो नंतरच्या दिवसांचा. बातमी दोन दिवसांत जुनी होते, पण ज्याचा पाय मोडला त्याचे पुढचे वर्ष अजून जायचे असते. दवाखान्याचे बिल, बुडालेली लावणी, विकलेली म्हैस, हे कुणाकडून भरून घ्यायचे? शहरात अशा कामासाठी वेगळे वकील असतात. आपल्याकडे मात्र "नशिबात होतं" म्हणून विषय संपतो. तसा तो संपायला नको, म्हणून हा लेख.

आधी ट्रकचेच घेऊ, कारण आपल्या भागात सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. लोकांचा समज असा की गाडीचा विमा आहे ना, मग कंपनी देईल. विमा असतो, पण तो कशाचा असतो ते कुणी वाचत नाही. ट्रक, टेम्पो, पिकअप ही मालवाहू वाहने. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला त्यांनी उडवले तर विमा कंपनी बांधील असते. पण हौद्यात बसवून नेलेल्या माणसांची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही. यावर कोर्टात बरीच वर्षे घोळ चालला. सतपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रवाशांनाही विमा लागू धरला होता. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात तीन न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर नाही, असे ठरले. तेव्हापासून कायदा तोच आहे.

म्हणजे भरपाई बुडाली का? तसे नाही. चालक आणि ट्रकचा मालक यांच्यावर जबाबदारी राहतेच. पण मालक म्हणजे बहुधा आपलाच कुणीतरी सोयरा, ट्रकवर बँकेचा हप्ता चालू, घरी दीड एकर वरकस जमीन. त्याच्याविरुद्ध पंधरा लाखांचा हुकूम झाला तरी वसूल काय होणार? आणि झाला तर सोयरीक राहणार का? कधी कधी न्यायालय कंपनीला सांगते, आधी जखमींना पैसे द्या आणि मागाहून मालकाकडून वसूल करा. २००४ च्या बलजित कौर खटल्यात असेच झाले. पण तो हक्क नव्हे. मिळाले तर मिळाले. शिवाय शेवटी मालकाच्या दारात वसुली येतेच.

यात शेतकऱ्याला एक सवलत आहे आणि ती माहीत असावी. नोव्हेंबर १९९४ पासून कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या संरक्षणात येतो. तुम्ही स्वतःची नाचणी, आंबा, भाजी घेऊन महाडला बाजाराला निघालात तर तुम्ही नुसते प्रवासी नाही. पण बसायचे केबिनमध्ये, हौद्यात पोत्यांवर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने चोलेटी भारतम्मा खटल्यात हा फरक केला आहे. आणि माल तुमचा होता हे दाखवायला काहीतरी कागद हवा. बाजार समितीची पावती, दलालाची पट्टी, काहीही. आहेराची भांडी आणि रुखवत म्हणजे माल, असे सांगून सत्तर माणसे मालाचे मालक ठरत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

ट्रॅक्टर-ट्रॉलीचे तेच. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामाचा असतो. ट्रॉलीत बसून जत्रेला गेलेल्यांचा त्यात समावेश नसतो.

जीपचे काय? जीप प्रवासी वाहन आहे, परवाना असेल तर प्रवाशांचा विमा असतो. पण जेवढ्या आसनांचा हप्ता भरला तेवढ्यांचाच. २००७ मध्ये अंजना श्याम खटल्यात हा प्रश्न आला. बसचा विमा ४२ जणांचा, आत नव्वद माणसे. न्यायालयाने सांगितले, कंपनी ४२ जणांच्या सर्वांत मोठ्या रकमांइतके पैसे भरील आणि ते सगळ्यांत प्रमाणाने वाटले जातील. म्हणजे टपावर बसलेला माणूस आत बसलेल्याच्या भरपाईत वाटेकरी होतो. उरलेले पुन्हा मालकाकडून.

एसटीचे मात्र बरे असते. एसटी स्वतःच मालक आणि स्वतःच देणेकरी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, त्यात जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या गेल्या. चालकाची त्यात काय चूक? अशा वेळी चूक कुणाची हे सिद्ध न करता काही ठरावीक रक्कम मिळावी, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात आधीपासून आहे. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६४ प्रमाणे ती मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. तिकिटामागे एक रुपया घेऊन एसटीने २०१६ पासून प्रवाशांसाठी वेगळा अपघात निधीही ठेवला आहे. म्हणून तिकीट खिडकीतून फेकू नका. लग्नासाठी एसटी प्रासंगिक करारावर मिळते. ट्रकपेक्षा महाग पडते, हे खरे. गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंत न्यावी आणि पुढची वाट चालावी, हा जुना रिवाज काही वाईट नव्हता.

मोटारसायकल आता घरोघर आहे. तिच्याबाबत दोन गोष्टी. साधा 'थर्ड पार्टी' विमा मागे बसलेल्याला लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. आणि शेजाऱ्याची गाडी मागून नेली व स्वतःच घसरून पडलात, तर तुम्ही मालकाच्या जागी धरले जाता. स्वतःच्याच विरुद्ध दावा कसा लावणार? म्हणून वर्षाचा विमा भरताना एजंटाला विचारा, "मागच्याचं काय? चालवणाऱ्याचं काय?" फरक थोड्या रुपयांचा असतो.

आता दवाखान्याच्या दारातली गोष्ट. पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा महाडला जखमीला नेले की डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" सोबतचा माणूस गडबडीत सांगतो, "पडला." किंवा मुद्दाम सांगतो, कारण गाडी चालवणारा भावकीतला पोरगा असतो आणि त्याच्यावर केस नको असते. डॉक्टर कागदावर तसेच लिहितात. पंधरा दिवसांनी खर्च दोन लाखांवर जातो, मग सगळे म्हणतात, आता दावा लावू. विमा कंपनीचा वकील तो पहिला कागद न्यायाधीशांपुढे ठेवतो. घरात पाय घसरून पडलेला माणूस गाडीखाली सापडला कसा? इथेच दावा बसतो.

तेव्हा पोलीस पाटलांना आणि सरपंचांना विनंती, की अपघातात पोरगा आपला असला तरी वर्दी खरी द्या. त्याच्याकडे चालू परवाना आणि गाडीला योग्य विमा असेल, तर पैसे त्याच्या घरातून जात नाहीत, कंपनीकडून येतात. फौजदारी खटला होईल, पण ओळख लपवून जखमीचे जे नुकसान होते त्यापुढे तो लहान. तडजोडीचे स्टँपपेपरही गावात फार निघतात. "वीस हजार घेतले, तक्रार नाही," असे लिहून अंगठा घेतात. आधी एक्स-रे पाहा, मग सहीचे बोला. मांडीचे हाड नीट सांधले का, हे सहा महिन्यांनी कळते.

मुदतीचे भान ठेवा. जुन्या अपघातांना दाव्याची मुदतच नव्हती. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांना कायद्याने सहा महिने ठेवले आहेत. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, आणि केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशावर विसंबून घरी बसणे म्हणजे वळवाच्या पावसावर पेरणी करणे. सहा महिन्यांच्या आतच अर्ज टाका. पोलिसांनीही अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारण्यात काही गैर नाही. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. तो अर्ज तहसील-प्रांताच्या वाटेने जातो, कोर्टाच्या नाही.

पैसे किती, हा पुढचा प्रश्न. आपला माणूस बिलांची बेरीज करतो आणि तेवढे मागतो. बिल हा लहान भाग आहे. मोठा भाग म्हणजे पुढची कमाई. २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फार छान उलगडून सांगितले. डावा हात गेलेला माणूस कारकून असेल तर नोकरी टिकू शकेल. तोच ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ सगळी गेली. डॉक्टर अवयवाचे टक्के सांगतात, न्यायालयाने कमाईचे टक्के ठरवायचे असतात.

आता कुडपणचा किंवा शेजारच्या कुठल्याही डोंगरगावचा शेतकरी घ्या. गुडघा वाकत नाही. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाच्या दाखल्यावर, समजा, २० टक्के अपंगत्व लिहिले. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला वीस टक्के ठीक आहे. पण ज्याला उतारावर नांगर धरायचा, पाण्यात वाकून लावणी करायची, डोक्यावर भारा घेऊन पायवाट उतरायची, त्याचे वीसच टक्के गेले का? हिशेब करून पाहू. वय ३२, उत्पन्न महिना १० हजार धरले तर वर्षाचे १ लाख २० हजार. या वयाला सरला वर्मा निकालाच्या तक्त्याप्रमाणे १६ ने गुणायचे. झाले १९ लाख २० हजार. वीस टक्क्यांनी ३ लाख ८४ हजार येतात, चाळीस टक्क्यांनी ७ लाख ६८ हजार. चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र कमाई करणाऱ्याला पुढील वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे असतात, ते वेगळेच. म्हणजे तुमचे काम काय आहे हे न्यायाधीशांना नीट कळले की नाही, यावर अर्धी रक्कम ठरते. वकिलाला घेऊन एकदा शेताचा बांध दाखवावा, असे मला वाटते. निदान फोटो तरी द्यावेत.

शेतकऱ्याच्या बाबतीत एक अडचण येते. कंपनीचा वकील म्हणतो, "जमीन कुठे गेली? ती आहेच की." यात तथ्य आहे. न्यायालयेही म्हणतात की जमिनीचे उत्पन्न राहते, जाते ती अंगमेहनत आणि देखरेख. मग मेहनतीचा पुरावा ठेवा. अपघातानंतर लावणीला, कापणीला किती मजूर लावले, काय रोज दिला, हे साध्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. डेअरीचे कार्ड, सोसायटीचे पासबुक, सातबारा, विकलेल्या जनावराची पावती हे सगळे एका पिशवीत. घरच्या बाईला लागले तर "ती काही कमवत नाही" असे कोर्टात चुकूनही म्हणू नका. पाणी, सरपण, गोठा, लावणी आणि घरचा सगळा रगाडा, याची किंमत धरलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक वेळा सांगितले आहे.

दुखापत काही रस्त्यावरच होते असे नाही. करवंदे काढताना रानडुक्कर अंगावर येते, गवत कापताना साप डसतो, पावसाळ्यात तुटलेल्या तारेवर पाय पडतो. प्रत्येकाची दारे वेगळी. बिबट्या-रानडुकराच्या हल्ल्यासाठी वनविभाग भरपाई देतो. २०२३ च्या शासन निर्णयाने मृत्यूसाठी ती २५ लाख झाली, जखमीलाही दुखापतीप्रमाणे मिळते. त्यासाठी लगोलग वनरक्षकाला कळवून पंचनामा हवा. साप, वीज, झाडावरून पडणे, विहिरीत पडणे यांना गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख. वय १० ते ७५. खातेदार शेतकऱ्याबरोबर घरातला आणखी एक जण त्यात येतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, अपघातापासून ३० दिवसांत. हे तीस दिवस फार लवकर जातात. बारावे-तेराव्यातच निम्मे सरतात. म्हणून तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) आणि कृषी सहायक यांनी दुखवट्याला जाताना अर्जही न्यावा, यात वाईट दिसण्यासारखे काही नाही.

विजेच्या तारेचा दावा वीज कंपनीवर होतो. तार तुटून पडली तर "आमची चूक नाही" हे उत्तर चालत नाही. धोक्याची वस्तू बाळगणारा जबाबदार, असे २००२ मध्येच ठरले आहे. फक्त तार जागेवरून हलवण्याआधी फोटो आणि पंचनामा व्हायला हवा.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत जाणारी पोरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका औषधी कंपनीत स्फोट आणि आग होऊन अकरा कामगार गेले. कामावरच्या दुखापतीसाठी १९२३ पासून वेगळा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ठेकेदाराचा कामगार असला तरी मुख्य कंपनी हात झटकू शकत नाही. मात्र पोराकडे हजेरीचा, पगाराचा काहीतरी कागद असू द्या. नुसते "मी तिथे कामाला होतो" पुरत नाही.

आता वकिलाविषयी. दवाखान्याच्या आवारात काही माणसे आपणहून भेटतात. "काका, एक पैसा देऊ नका, निकाल लागला की आपलं निम्मं-निम्मं." हे वकील नसतात, दलाल असतात. भरपाईच्या रकमेत टक्केवारी ठरवून घेणे वकिलाला बार कौन्सिलच्या नियमाने मनाई आहे. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. इतरांना वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत लागते. महाड न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा. चांगला खाजगी वकील घेतलात तर फी आधी ठरवा आणि पावती मागा. चांगल्या वकिलाला याचा राग येत नाही.

रक्कम मंजूर झाली की ती जखमीच्या खात्यात जाते, काही भाग न्यायालय मुदत ठेवीत ठेवते. लोक कुरकुर करतात, "आमचेच पैसे अडकवले." १९९३-९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घातली ती दलाल आणि लाडके नातेवाईक या दोघांपासून अडाणी माणसाला वाचवण्यासाठी. खरोखर गरज असेल, घर बांधायचे, म्हैस घ्यायची, तर अर्ज करून ठेव मोडता येते.

राहता राहिले दावा कुठे लावायचा ते. कुडपणसारख्या गावाला हा प्रश्न हमखास येतो. माणूस पोलादपूरचा, अपघात खेडच्या हद्दीत, ट्रक साताऱ्याचा, आणि जखमी मुलगा राहायला मुंबईत. कायद्याने निवड तुमची आहे. अपघात झाला ते ठिकाण, तुम्ही राहता किंवा धंदा करता ते ठिकाण, किंवा समोरचा राहतो ते ठिकाण. गावी राहणाऱ्याला माणगाव किंवा अलिबाग सोयीचे, मुंबईत राहून उपचार घेणाऱ्याला मुंबई. साक्षीला चार-पाच वेळा जावे लागते, प्रत्येक खेपेला दिवस मोडतो आणि गाडीभाडे पडते. कुबडी घेऊन कुणाला कुठे जाणे जमेल, सोबत कोण जाणार, हे घरात बसून आधी ठरवा आणि मगच अर्जाच्या पहिल्या पानावर पत्ता घाला.